बाणकोट खाडीची अमानत

बाणकोटची खाडी पाहायची असेल तर ओहोटीच्या वेळी जावे. भरतीला ती सगळ्यांनाच सुंदर दिसते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर, महाड अशी वाहत येते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्राला मिळते. उत्तरेचा काठ रायगड जिल्ह्याचा, दक्षिणेचा रत्नागिरीचा. वेसवीच्या जेटीवरून मोटारी, दुचाक्या, माणसे, टोपल्या असे सगळे घेऊन फेरीबोट समोर बागमांडल्याला जाते. बोटीवरचे प्रवासी पाण्याचे फोटो काढतात, डोंगराचे काढतात, हिमतगडाचे काढतात. १७५६ च्या सुमारास हा किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. मुलांना ही गोष्ट आवडते.

पाणी उतरले की दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडतो. त्याचा फोटो मात्र कोणी काढत नाही. हा लेख त्या चिखलाबद्दल आहे.

मी मुंब्र्यात राहते. एका उर्दू शाळेत विज्ञान आणि मराठी शिकवते. माझे आजोळ मंडणगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की आम्ही माणगाववरून आंबेतला येतो. बॅरिस्टर अंतुले यांचे हे गाव. तिथे खाडी ओलांडून म्हाप्रळ आणि मग मंडणगडचा चढ. गावात आता माझी खाला आणि खालू राहतात. एक मुलगा मस्कतला आहे, दुसरा पनवेलला. या खेपेला मुलांना मी आधीच सांगून ठेवले होते की आंबे-फणस नंतर, आधी खालूंबरोबर कांदळात जायचे.

कांदळात

खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या या झाडांना पुस्तकात खारफुटी म्हणतात, सरकारी कागदात कांदळवन. आमच्या गावात नुसते ‘कांदळ’. खरे तर त्यात वेगवेगळ्या जातींची झाडे असतात आणि खालूंना ती नुसत्या मुळांवरून ओळखता येतात.

ज्याची मुळे खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात रुततात तो खरा कांदळ. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखी हिरवी लांब रोपे फांदीला लटकत असतात. पिकली की खाली पडतात, चिखलात उभी रुततात किंवा भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जातात. ज्याच्या भोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळे वर आलेली असतात ती तिवर. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांची टोके वर काढून श्वास घेते. तिवरीच्या पानावर जीभ लावली तर मीठ लागते. धाकट्याने एक पान चाटले आणि मग घरी येईपर्यंत दिसेल ते पान चाटत राहिला. जिच्या पांढऱ्या फुलांचे झुबके संध्याकाळनंतर उमलतात ती चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्र शासनाने राज्याचे कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. आंबा राज्यवृक्ष आहे हे मुलांना ठाऊक होते, चिप्पीचे नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकले.

तिवरीबद्दल वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचे शास्त्रीय नाव आहे ‘अविसेनिया’. अविसेना म्हणजे आपले इब्न सीना. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेले, ज्यांचा ‘अल-कानून फित-तिब्ब’ हा ग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला गेला, तेच हकीम. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी या झाडांच्या गटाला त्यांचे नाव दिले. माझ्या वर्गात इब्न सीना यांचे नाव सगळ्या मुलांना येते, आणि कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलच्या खिडकीतून तिवर रोज दिसते. दोन्हींचा संबंध कळला की मुले खिडकीशी सरकतात. उर्दूत, विशेषतः कराचीच्या किनाऱ्याकडे, या झाडाला ‘तीमर’ म्हणतात. तिवर आणि तीमर, कानाला किती जवळचे वाटतात!

वास कशाचा येतो?

थोडे आत गेल्यावर मुलीने ओढणी नाकाला लावली. चिखलात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. ‘‘अम्मी, किती घाण आहे ही!’’ ती म्हणाली. मी तिला म्हटले, हा वास घाणीचा नाही, इथे हवा नसल्याचा आहे. आणि इथूनच माझा तास सुरू झाला.

झाड वाढते तेव्हा ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातल्या कार्बनपासून आपले खोड, पाने, मुळे घडवते. हे आंबाही करतो, सागही करतो. फरक पडतो तो झाड मेल्यानंतर. डोंगरातल्या जंगलात पान गळले की बुरशी आणि जिवाणू ते कुजवतात. त्यांना हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, त्यामुळे काही महिन्यांत किंवा वर्षांत पानातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. घेतले आणि परत केले, असा हा हिशेब.

कांदळात हिशेब वेगळा. इथे पान, फांदी, मेलेले मूळ चिखलात गाडले जाते. चिखल दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याने भिजतो. त्याचे कण इतके बारीक की वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन पोहोचतच नाही. ऑक्सिजन नाही म्हणजे कुजणे अगदी मंद. तिथे जे जिवाणू तग धरतात ते समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून तो सडक्या अंड्याचा वास निघतो. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन नावाचा, कार्बन डायऑक्साइडपेक्षाही जास्त उष्णता अडवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. खाऱ्या चिखलात हे सल्फेटवाले जिवाणू मिथेन करणाऱ्या जिवाणूंना फारसे वाढू देत नाहीत.

एवढे सगळे ऐकून खालाने एका वाक्यात सांगितले, ‘‘म्हणजे लोणच्यासारखंच की. तेलाखाली बुडालेली फोड टिकते, वर आली की बुरशी धरते.’’ फळ्यावर एवढे सोपे मला कधी लिहिता आले नव्हते. मीठ, आणि हवेचा शिरकाव नाही. लोणच्याची बरणी वर्षभर टिकते, ही बरणी शेकडो, कधी हजारो वर्षे टिकते.

डोंगरातले जंगल पूर्ण वाढले की त्याची साठवण हळूहळू मंदावते. कांदळाची साठवण मात्र चालू राहते. नदी वरून गाळ आणते, मुळांच्या जाळ्यात तो अडकतो, जमीन केसाकेसाने वर चढते. समुद्राची पातळी वाढते तसा चिखलही वर येऊ पाहतो. म्हणून ही बरणी भरली असे सहसा होत नाही. अट एवढीच की वरून गाळ येत राहिला पाहिजे आणि भरतीचे पाणी आत-बाहेर खेळले पाहिजे.

हिशेब

किनाऱ्यावरच्या कांदळवनात, खाऱ्या दलदलीत आणि समुद्रातल्या गवताच्या कुरणांत साठलेल्या कार्बनला ‘निळा कार्बन’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००९ सालच्या अहवालापासून हा शब्द रूढ झाला. २०११ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यातल्या २५ कांदळवनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हेक्टरमागे सरासरी सुमारे १,००० टन कार्बन आढळला. त्यातला किती जमिनीखाली? कुठे निम्मा, कुठे जवळजवळ सगळाच. आपल्याला दिसते ते झाड म्हणजे वरचे झाकण. माल खाली चिखलात आहे.

एक टन कार्बन हवेत गेला की त्याचा सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे १,००० टन कार्बनचा सुमारे ३,७०० टन. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशेब केला तर अशा एका हेक्टरमध्ये, म्हणजे अडीच एकरात, जवळजवळ १६ लाख लिटर पेट्रोलच्या धुराएवढा कार्बन बंद असतो. प्रत्येक खाडीत हा आकडा सारखा नसतो. चिखल किती खोल, किती जुना, पाऊस किती, गाळ किती, यावर तो ठरतो. आखाताच्या कोरड्या किनाऱ्यावर तो बराच कमी असतो, इंडोनेशियासारख्या पावसाळी बेटांवर जास्त.

याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. उष्ण कटिबंधातल्या एकूण जंगलांत कांदळवनाचा वाटा एक टक्काही नाही. तरीही जगभरच्या जंगलतोडीतून जो कार्बन हवेत जातो त्यातला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग एकट्या कांदळतोडीचा असू शकतो. कारण उघड आहे. कांदळ तोडून जमीन सुकवली की चिखलाला हवा लागते आणि शेकडो वर्षांची साठवण काही दशकांत बाहेर पडते. बरणी फुटते.

पण एक गैरसमज नको. भारतात २०२१ च्या वन अहवालानुसार ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन आहे, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या ०.१५ टक्के. त्यातले सर्वांत मोठे पश्चिम बंगालमध्ये, २,११४ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात ३२४. एवढ्याशा चिखलाने सगळ्या कारखान्यांचा आणि मोटारींचा धूर गिळावा ही अपेक्षा चुकीची. धूर कमी करण्याचे काम आपले आपल्यालाच करायचे आहे. कांदळाचे मोल असे की त्यात आधीच ठेवलेले आहे ते बाहेर न येणे हीच मोठी कमाई. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. अमानत वापरायची नसते, सांभाळायची असते. या चिखलात आपल्या पणजोबांच्याही आधीच्या काळातली अमानत आहे.

खालूंचे खाजण

आता गावातली खरी गोष्ट. कांदळाच्या आतल्या बाजूला, गावाकडे, खालूंचे अडीच एकर खाजण आहे. खाजण म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवून तयार केलेली भातजमीन. बांधाला एक उघाडी असते. भरतीला तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. खालूंच्या वडिलांच्या काळी पावसाळ्यापूर्वी सगळा गाव मिळून बांध दुरुस्त करायचा. कोणाच्या शेताचा बांध असा प्रश्नच नव्हता, बांध गावाचा होता.

मग तरुण माणसे मुंबईला गेली, मस्कत-कुवेतला गेली. पैसे आले, पक्की घरे झाली, बांधावर माती टाकणारे हात मात्र उरले नाहीत. एका पावसाळ्यात उधाणाला बांध फुटला. खारे पाणी शेतात शिरले. दोन-तीन वर्षे जमीन उजाड पडली आणि मग भरतीबरोबर बिया आल्या. कोणी न लावता तिवर उगवली. आज तिथे माणसाच्या दुप्पट उंचीचे कांदळ आहे. सातबाऱ्यावर अजून भातशेतीच आहे.

गेल्या वर्षी शहरातून एक दलाल आला. भाव चांगला सांगितला. खाजणात मातीचा भराव टाकायचा, रस्ता काढायचा आणि खाडीच्या तोंडावर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या, असा त्याच्या माणसांचा बेत. ‘‘आधी भराव, मग कागद’’ असे तो खालूंच्या पडवीत बसून सहज म्हणाला. धाकट्या भावाचे मत विकून टाकावे असे. मस्कतच्या मुलाने फोनवर विचारले, ‘‘अब्बा, त्या जमिनीतून आपल्याला मिळतंय तरी काय?’’

प्रश्न रास्त होता. म्हणून या मे महिन्यात आम्ही सगळे पडवीत बसून त्यावर बोललो.

मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळतोडीला बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवन नष्ट करणे हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे असे म्हटले. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळ तोडता येत नाही, त्यावर भराव टाकता येत नाही, राडारोडा टाकता येत नाही. सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ‘आधी भराव, मग कागद’ यातला भराव दलाल टाकील आणि नोटीस सातबाऱ्यावर नाव असलेल्याला येईल.

दुसरी गोष्ट पाण्याची. खाजणातले कांदळ नवे, पंचवीस-तीस वर्षांचे. त्याच्या पोटात अजून फार साठलेले नसेल. पण बांधाबाहेरचे कांदळ जुने आहे, खालूंच्या आजोबांनीही ते तसेच पाहिले होते. या दोन्हींत एकच चोंढा, म्हणजे पाण्याची नळ, आत-बाहेर करते. भराव आणि रस्ता झाला की ती बुजणार. एकही झाड न तोडता जुने कांदळ सुकत जाईल. शहरात आम्ही हे डोळ्यांनी पाहतो. रात्री राडारोड्याचे डंपर येतात, भरतीची वाट अडते आणि दोन-तीन वर्षांत हिरवी रांग करडी होते. मग कोणी म्हणते, ‘इथे कुठे कांदळ होते?’

धाकट्या भावाने विचारले, ‘‘दुसरीकडे हजार रोपं लावली तर?’’ रोपे लावणे चांगलेच आहे, पण ती जुन्या चिखलाची जागा घेऊ शकत नाहीत. जुन्या कांदळाखालची साठवण पुन्हा व्हायला शेकडो वर्षे लागतील. शिवाय चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर लावलेली रोपे बहुधा मरतात. जिथे भरतीचे पाणी मोकळे येते तिथे बिया स्वतःच येतात, हे तर खालूंच्या खाजणानेच दाखवून दिले होते.

वादळाच्या रात्री नाही, दिवसा

खाला मधेच म्हणाली, ‘‘निसर्ग आलं तेव्हा कांदळानं काय केलं, तेही सांग.’’

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इथल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे-कौले उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती. खालाच्या घराचे अर्धे छप्पर गेले. कांदळ वाऱ्याला थांबवत नाही, हे खरे सांगितले पाहिजे. ते थांबवते लाटेला, उधाणाला. आमच्या गावात जिथे कांदळ आहे तिथला काठ ढासळला नाही. जेटीच्या बाजूला, जिथे ते पूर्वीच साफ केले होते, तिथली माती तुटून गेली.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर याचा नीट अभ्यास झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मधे कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे माणसे कमी दगावली होती. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठचे कांदळ आणि दलदल आधीच भराव टाकून आक्रसलेली होती. पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती. हवामान बदलते तसे असे पाऊस आणि अशी वादळे वाढणार. म्हणजे हेच झाड एकीकडे तापमानवाढीचे कारण पोटात अडवते आणि दुसरीकडे तिचा मारही अंगावर घेते.

‘‘पहाऱ्याची मजुरी कोण देणार?’’

सगळे ऐकून घेतल्यावर खालूंनी जे विचारले ते मी विसरू शकत नाही. ‘‘ठीक आहे, अमानत आहे. सगळ्या दुनियेची आहे. पहारा आम्ही करायचा, भात आमचं गेलं, विकायचं नाही, तोडायचं नाही. मग पहाऱ्याची मजुरी कोण देणार?’’

या प्रश्नाला पूर्ण उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण उत्तराचे दोन धागे होते.

एक धागा केनियाच्या किनाऱ्यावरचा. तिथे गाझी नावाच्या उपसागराकाठी स्वाहिली बोलणाऱ्या मच्छीमारांची गावे आहेत. २०१३ पासून त्यांनी आपले ११७ हेक्टर कांदळवन सांभाळायला घेतले. प्रकल्पाचे नाव ‘मिकोको पामोजा’, म्हणजे ‘कांदळ, सारे मिळून’. किती कार्बन राखला गेला याची मोजणी होते, त्याचे प्रमाणपत्र विकले जाते आणि आलेले पैसे शाळेची पुस्तके, पिण्याचे पाणी अशा गावाच्या कामांना लागतात. कामे कोणती ते गावच ठरवते. रक्कम फार मोठी नसते. विकत घेणाऱ्याने आपला धूर कमी न करता नुसती प्रमाणपत्रे घेत राहू नये, हा आक्षेपही खरा आहे. तरी पहारेकऱ्याला वाटा मिळाला पाहिजे हे तत्त्व तिथे मान्य झाले.

दुसरा धागा घरचा. महाराष्ट्रात वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. शासनाने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आणली. गावातल्या गटांना खेकडापालन, कालवे-शिंपल्यांची शेती, मधमाशापालन, पर्यटकांना होडीतून कांदळ दाखवणे अशा कामांसाठी अनुदान मिळते. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळ दाखवणारी होडीची फेरी सुरू केली. काल मासे विकणाऱ्या बाया आज पाहुण्यांना झाडांची नावे सांगतात. ते नाव ऐकल्यावर खाला खालूंकडे बघून म्हणाली, ‘‘नावं तर तुम्हाला मुळांवरून येतात. होडीही आहे.’’

खालू हसले, पण लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले की बोय, तांब, जिताडा यांची पिल्ले कांदळाच्या मुळांतच वाढतात, हे त्यांच्या वडिलांना ठाऊक होते. म्हणून सरपणाला फांदी तोडली तरी मूळ कोणी उपटत नसे. मस्कतच्या मुलाने फोनवर सांगितले की त्याच्या खोलीपासून थोड्या अंतरावरच्या वस्तीचे नाव ‘कुर्म’ आहे, आणि अरबीत कुर्म म्हणजे हीच तिवर. शहराच्या मध्यावर तिथे कांदळ राखून ठेवले आहे. ‘‘इथे कुंपण घालून ठेवलंय, अब्बा,’’ तो म्हणाला. संयुक्त अरब अमिरातीने तर २०३० पर्यंत दहा कोटी कांदळरोपे लावण्याचा संकल्प केला आहे. आपली मुले ज्या देशांत रोजी कमावायला जातात, तिथे वाळवंटाच्या किनाऱ्यावर मुद्दाम लावून जे झाड जगवले जाते, ते आपल्या दारात फुकट उगवते आणि आपण त्यावर माती टाकतो.

त्या दिवशी पडवीत एवढेच ठरले की भराव होऊ द्यायचा नाही. दलालाला तसे कळवले. जमीन पुढे ठेवायची की विकायची यावर भावाभावांचे अजून एकमत नाही. पण बचत गटातल्या चार बाया आणि पनवेलचा मुलगा मिळून खेकडापालनाची चौकशी करायला वन विभागाच्या कार्यालयात जाऊन आले.

आपण काय करू शकतो

किनाऱ्यावर ज्यांचे घर, शेत किंवा माहेर आहे अशा वाचकांसाठी काही साध्या गोष्टी लिहिते.

आपल्या खाजणात कांदळ आले असेल तर विकण्याआधी सातबारा आणि कायदा दोन्ही नीट समजून घ्या. दलालाच्या तोंडी आश्वासनावर सही करू नका. भरतीचे पाणी जिथून आत येते ती नळ, मोरी, चोंढा बुजू देऊ नका; झाडापेक्षा आधी पाण्याची वाट सांभाळा. जत्रा-उरूस, लग्न, ईद यानंतरचा कचरा खाडीत टाकू नका, प्लास्टिकने श्वासमुळे गुदमरतात. कुठे रात्री भराव पडताना दिसला तर जागा, वेळ, गाडीचा क्रमांक लिहून तहसीलदार आणि वन विभाग दोघांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गावात रोपे लावायचीच असतील तर वन विभागाला विचारून योग्य जातीची, योग्य जागी लावा.

आणि शहरात राहणाऱ्यांसाठी: मुंब्रा, ठाणे, नवी मुंबई इथल्या मुलांना लांब जायची गरज नाही. ऐरोलीला ठाणे खाडीत होडीतून कांदळ आणि रोहित पक्षी पाहता येतात. तिथले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. शाळेची सहल वॉटर पार्कला नेण्याऐवजी एकदा तिथे न्या. नेताना ओहोटीची वेळ बघा. मुलांना चिखल दिसू द्या, वास येऊ द्या आणि तो वास कशाचा आहे ते सांगा.

जून उजाडला तेव्हा आम्ही मुंब्र्याला परतलो. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: तिवर आणि तीमर. मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला आणि विचारले, ‘‘मिस, कळव्याच्या खाडीत परवा रात्री ट्रक रिकामा होत होता. ते कोणाला सांगायचं?’’ त्या दिवशी आम्ही वर्गात तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकलो. मराठीत एक, उर्दूत त्याचा मसुदा. मराठीतला अर्ज मुलांनी सह्या करून तहसील कार्यालयात दिला आहे. पोच माझ्या टेबलाच्या खणात आहे.